चौकशीचं बाकडं

आबांच्या टपरीपुढे एक बाकडं होतं, आणि त्यावर गावातलं कुणी टेकलेलं आबांना खपायचं नाही. "ऊठ रं, पावण्यांची जागा हाय ती," म्हणून हाकलून द्यायचे. म्हातारं असो, पाय दुखत असो, गावच्या माणसाने समोरच्या दगडावर बसावं. माळशेजच्या रस्त्यावरून आमच्या गावाकडे वळायचा फाटा तिथेच होता. वरच्या वाड्यांमध्ये कुणाचं घर कुठे हे विचारायचं तर त्या टपरीशिवाय दुसरी जागा नव्हती. आणि असं विचारत येणारे पाहुणे बहुतेक वेळा एकाच कामाला आलेले असत, स्थळाच्या चौकशीला.

ही चौकशी म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. बघण्याचा कार्यक्रम, पसंती, सुपारी हे सगळं नंतर. त्याआधी समोरच्या घरची दोन जाणती माणसं गुपचूप येतात, आपलं नाव-गाव न सांगता फाट्यावर चहा पितात. पावसाचं बोलतात, भाताचं बोलतात. मग कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "त्या अमक्यांचं घर कसं काय हाय म्हणायचं?" त्या उत्तरावर लग्नं ठरतात आणि त्या उत्तरावर मोडतात. आज आपली चौकशी झाली, याचा त्या घराला पत्ताही नसतो.

आबा लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी दुसऱ्या चहाचं आधण ठेवायचं. मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची. "टोपी काढली म्हंजी म्या खोटं बोलत न्हाई, पावणं." आणि आवाज इतका खाली आणायचे की पाहुण्याला पुढे वाकावंच लागायचं. "पोरगी गुणाची हाय. कामाला वाघीण. मधी मामाच्या गावाला चार म्हैनं व्हती, का व्हती ते मला इचारू नका."

झालं! पाहुणा चहा अर्धा ठेवून उठायचा.

हे "मला इचारू नका" ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स होते आणि आबांच्याच टपरीमागच्या खोलीत भाड्याने राहत होते. मधे एक पत्रा, बस्स. मी मूळची मंचरची. तोंडाने फटकळ, पण नोकरी अशी की पोटात शंभर जणांचं ठेवायचं. आणि पत्र्यापलीकडे हा माणूस बसलेला, ज्याच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही. कुणाच्या आजोबांना महारोग होता, कुणाचा भाऊ तुरुंगात जाऊन आला, कोणती सून माहेरी का बसलीय, सगळं त्या बाकड्यावर सांडायचं. मी एकदा न राहवून बोलले, "आबा, कशाला हो लोकांचं उघडं करता?"

"म्या सांगत न्हाई बाई, म्या झाकत न्हाई," ते म्हणाले. "झाकून ठेवायला त्ये काय लोणचं हाय? उद्या येकादं घर फसलं तर पाप कुणाला?"

आणि गंमत बघा, गाव त्यांना मानायचं. चिडायचं, शिव्या द्यायचं, पण मानायचं. ज्याच्या मुलीचं लग्न आबांनी मोडलं, तोच आपल्या मुलासाठी मुलगी बघताना आबांना बरोबर घेऊन जायचा. "आबा खोटं बोलत न्हाईत राव," असं म्हणायचा. लोकांचं फोडून सांगणारा माणूस म्हणजे खरा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे. एवढा राग येतो मला तिचा!

चालता चालता वाटेवर गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं की आबा वाकून उचलायचे. बोटाने सरळ करायचे, डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे आणि संध्याकाळी माझ्या दारात. "बाई, ही कशाची वो गोळी?"

"तापाची."

दुसऱ्या दिवशी दुसरं पाकीट. "आन् ही?"

"तापाची."

"ह्या गावात ताप लई," असं म्हणून हसायचे. हसताना फार गोड दिसायचे, हेही सांगून टाकते. माझ्या तापात काकूंच्या हाती, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हाती, त्यांनीच पेज पाठवली होती. वाईट माणूस सगळीकडून वाईट असता तर बरं झालं असतं.

त्यांच्या स्वतःच्या घराचं मात्र सगळं निराळं. खिडक्यांना आतून निळा प्लास्टिकचा कागद. काकूंनी नळावर कुणाशी बोलत उभं राहायचं नाही, हंडा भरला की घरी. मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आबा सगळं वाचायचे पण स्वतः एक अक्षर लिहायचे नाहीत. घरातला कचरा बाहेर टाकायची तर सोयच नाही. रोज संध्याकाळी परसात खड्ड्यात घालून आबा स्वतः जाळायचे आणि राख काठीने उकरून बघायचे, काही वाचता येण्यासारखं उरलंय का ते. सुरुवातीला मला वाटलं, स्वच्छतेची आवड असेल.

कशाची आवड ते मला दत्तामुळे कळलं. दत्ता त्यांचा एकुलता एक मुलगा. पिकअप चालवायचा, टोमॅटो आणि भाजीच्या कॅरेट घेऊन नारायणगावला, कधी थेट वाशीला. मान खाली घालून हसणारा, कुणाच्या अध्यात न मध्यात. एका उन्हाळ्यात त्याचा ताप हटेना, वजन उतरत चाललं. मीच त्याला मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला पाठवलं. एचआयव्ही निघाला.

कसा झाला ते मी विचारलं नाही, ते विचारायचं नसतं. मी त्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघ दत्ता, रोज गोळी घेतलीस तर म्हातारा होऊन मरशील. लग्न होईल, मुलं होतील, चांगली होतील. फक्त जिच्याशी लग्न करशील तिला आधी सगळं सांगायचं. ते तू सांगायचं, तुझ्या तोंडाने." तो रडला आणि हो म्हणाला. आईवडिलांना त्याने स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा उपकेंद्रात आले. टोपी डोक्यावर घट्ट.

"बाई, आमच्या घरातलं हाय ह्ये."

"हो आबा."

"ह्ये भाईर जायचं न्हाई."

"माझ्याकडून कुणाचंच जात नाही," मी म्हणाले. 'कुणाचंच' वर जरा जोर दिला. त्यांना काही लागलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कुठे तरी ओशाळतील म्हणून. छे! घरातलं ते घरातलं आणि लोकांचं ते लोकांचं, त्यांच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी सुखाने शेजारी राहत होत्या. त्यानंतर परसातल्या जाळात दर महिन्याला प्लास्टिकचा घाण वास येऊ लागला. गोळ्यांची डबी, आधी ब्लेडने चिठ्ठी खरवडून काढलेली. मी खोलीचं दार लावून घ्यायचे.

वरच्या वाडीत आमच्या आशाताई राहायच्या. गावोगावच्या आशा असतात ना, गरोदर बायकांची, लसीकरणाची कामं करणाऱ्या, त्या. माझ्याबरोबर सगळ्या वाड्या पालथ्या घालणाऱ्या. त्यांची मुलगी चंदा. जुन्नरला कॉलेज केलेली, चटपटीत, बोलायला लागली की हात थांबायचे नाहीत. लहानपणी तिला फिट यायची. शाळेत असतानाच गोळ्या बंद झाल्या, त्यानंतर एकदाही आली नाही. हे आशाताईंनी मला सांगितलेलं होतं, म्हणजे माझ्या पोटात होतं. आणि आणखी एकाला माहीत होतं. पहिली फिट आली तेव्हा गावात जीप होती ती आबांची. त्यांनीच पोरीला दवाखान्यात पोचवलं होतं. आशाताईंनी तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवून, कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती. आणि इतकी वर्षं, खरोखर, आबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

चंदाला आंबेगावच्या बाजूचं, आहुप्याच्या वाटेवरचं स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत. घर खूश, चंदाही खूश. तिनेच मला फोटो दाखवला. मी तिला म्हणाले, लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या. हे मी प्रत्येक मुलीला सांगते, त्यात नवीन काही नव्हतं. ती म्हणाली, घेऊ की.

आणि एका दुपारी दोन पाहुणे बाकड्यावर येऊन बसले. मी आत डाळ निवडत होते. पावसाचं झालं, भाताचं झालं. मग चंदाच्या घराचं नाव आलं आणि माझा हात थांबला.

"घर सोन्यावाणी हाय," आबा म्हणाले. मग आवाज खाली गेला. "पोरगी बी चांगली. फकस्त आगीजवळ न्हाईतर पाण्याजवळ येकली सोडू नका. का त्ये मला इचारू नका."

मी तिरमिरीत बाहेर आले तोवर पाहुणे मोटारसायकलवर बसत होते. "थांबा हो, ऐका!" मी ओरडले. काय सांगणार होते? तिला फिट यायची पण आता येत नाही, हे? म्हणजे मीच फोडणार होते की! मी तशीच उभी राहिले आणि ते निघून गेले.

लग्न मोडलं. आजवर एखादं स्थळ मोडलं की आबा चारचौघांत छाती काढून सांगायचे, "म्या सांगितलं. लपवायचं काय त्यात?" या वेळी गप्प. कुणी विचारलं तर मान हलवायचे, च्च च्च करायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं वाटतं, पण अशी गोष्ट डोक्यात तरी कशी यावी?

चार दिवसांनी आशाताई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. एकदम म्हणाल्या, "बाई, तुमी का वो असं केलं? माझ्या पोरीनं तुमचं काय वाईट केलं व्हतं?"

आबांनी त्यांना सांगितलं होतं, फिटचं नर्सबाईंच्या तोंडून गेलं. "म्या इतकी वरसं तोंड उघडलं का, तू सांग," असं टोपी गुडघ्यावर ठेवून सांगितलं होतं. मी म्हणाले, "आशाताई, मी माझ्या कानांनी ऐकलं, आबांनीच सांगितलं." त्या माझ्याकडे किती परक्या नजरेने बघत होत्या! "ते तुमचं नाव सांगत्यात आन् तुमी त्यांचं. आबा खोटं बोलत न्हाईत, बाई."

मग ते सगळ्या गावात झालं. नर्सबाईंच्या पोटात काही राहत नाही. जी बाई मला सगळं सांगायची ती आता ताप सांगायलाही कचरू लागली. एक बाळंतीण घरीच राहिली, वेळेवर कळलं म्हणून निभावलं. वरपर्यंत अर्ज गेला, साहेब येऊन विचारून गेले. लोकांचं फोडणारा माणूस शहाणा ठरला आणि मी चुगलीखोर. त्या दिवसांत मी खोलीत बसून आबांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की मंचरच्या बाजारातल्या बायकांनी कान धरले असते.

दिवाळीनंतर आबांनी चंदाला मागणी घातली, दत्तासाठी.

आशाताईंच्या घरी जाऊन म्हणाले म्हणे, "पोरीचं झालं ते झालं. गावात आता कुणी इचारायचं न्हाई तिला. म्या माझ्या घरात घेतो. आमाला काय बी नको, फकस्त नारळ द्या." आशाताई त्यांच्या पाया पडल्या. दुसऱ्यांदा.

तेव्हा मला सगळं दिसलं. ज्या मुलीचं लग्न एकदा मोडलं, तिच्या घरचे पुढच्या वेळी प्रश्न विचारत नाहीत. आबांना अशीच मुलगी हवी होती, आणि नव्हती म्हणून त्यांनी ती तयार केली.

मी सरळ टपरीवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. "आबा, चंदाला सांगितलंत का?"

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी शांतपणे कपबशा विसळल्या. "बाई, तुमचं त्वांड कायद्यानं बांधलेलं हाय. म्या तालुक्याला जाऊन इचारून आलोय. येक शबूद बोललात तर नोकरी जाईल."

"आणि तुमचं? सगळ्या दुनियेचं सांगत बसता ते?"

"ज्यानं इचारलं त्याला सांगतो. माझ्या पोराचं कुणी इचारलंय का मला?" आणि गोड हसले.

दत्ताला मी गाठलं ते गाडी धुताना. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "आबा म्हणत्यात, सांगितलंस तर टपरीतच गळफास घेईन." मी म्हणाले, "गोळ्या नीट घेतोयस, तुझ्यापासून तिला धोका फार कमी आहे हे मला माहीत आहे. पण ते ठरवायचं तिने. फसवून केलेल्या लग्नात तू रोज गोळी कुठे लपवणार आहेस?" तो पाइप हातात धरून उभा राहिला, पाणी नुसतं वाहत होतं.

चंदा माझ्याकडे आली ती सुपारीच्या आठवडाभर आधी. आई माझ्याशी बोलत नव्हती तरी ती यायची.

"बाई, रक्त तपासायचं म्हटलं तर आबा किती भडकले. आमच्या रक्तावर संशय घेते का म्हणाले. आई मलाच बोलली, तुझं तुला दिसत नाही का म्हणून. पण पहिल्या वेळी तर कुणी भडकलं नव्हतं."

मी तिच्याकडे बघितलं. "मला विचारू नकोस" असंही मी म्हणाले नाही. तसं म्हणणं म्हणजेच सांगणं, हे मी पत्र्याआड राहून शिकले होते. मी म्हणाले, "हे मी प्रत्येकीला सांगते, चंदा. तुला पहिल्या वेळीही सांगितलं होतं. आणि मनात काही असेल तर ज्याच्याशी लग्न करायचंय त्याला विचार. विचारायचा तुला हक्क आहे."

ती जरा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत बसली. "माझी चौकशी झाली," ती म्हणाली. "ह्यांची कुणी केली?"

जुन्नरच्या बाजाराचा दिवस होता. दुपारची गाडी येऊन फाट्यावर माणसं उतरली होती, पिशव्या खाली ठेवून चहा घेत होती. दत्ता पिकअपमधून रिकाम्या कॅरेट उतरवत होता. मी खोलीच्या दारात होते. चंदा गाडीतून उतरली, सरळ आली आणि बाकड्यावर बसली.

आबा म्हणाले, "अगं, तिथं पावणं बसत्यात."

"पावणीच हाय मी, आबा. चौकशीला आलेय."

माणसं हसली. आबाही हसले. "कुणाची गं?"

"तुमच्या दत्ताची. चहा ठेवा की."

आता हसू जरा कमी झालं. आबांनी चहा ठेवला. टोपी मात्र डोक्यावरच राहिली.

"पितो का?"

"न्हाई. सुपारीचं खांड खात न्हाई."

"कुणाशी काही?"

"न्हाई."

"काही आजार?"

मी आबांकडे बघत होते. मनात म्हणत होते, सांगा. एवढं एक सांगा, आबा, तुम्हाला सगळं माफ. त्यांनी पातेल्याखालची आग मोठी केली. "पोरगं बैलावाणी हाय. काय धाड भरलीय त्याला?"

"नक्की?"

"म्या कंदी खोटं सांगितलंय?"

दत्ताच्या हातातली कॅरेट खाली आली. त्याने ती नीट दुसऱ्या कॅरेटवर ठेवली, हात पँटला पुसले आणि चंदाच्या समोर येऊन उभा राहिला.

"चंदा, मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत."

चहा उतू गेला. मग आबा ओरडले, "पिऊन आलाय ह्यो! ऐकू नका ह्याचं!" आणि वळून माझ्याकडे बोट केलं, "त्या बाईनं पढवलंय!" ज्या पोराला वाचवायला एवढं केलं त्यालाच ते सगळ्यांसमोर दारुडा म्हणत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

चंदा त्यांच्याकडे बघतच नव्हती. "कधीपासून?" तिने दत्ताला विचारलं.

"दोन वर्सं."

"गोळ्या नीट घेतोस?"

"व्हय."

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. उठली, पिशवी घेतली आणि मग आबांकडे वळली. "माझ्या फिटचं त्या पाव्हण्यांना मीच सांगणार व्हते, आबा. घरी आले असते ना, तर चहा दिल्यावर. ठरवलं व्हतं मी. तुमी मला तेवढं बी ठेवलं न्हाई."

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. चंदा सुटली. आता जुन्नरला नोकरी करते, लग्नाचं नाव काढू देत नाही. आशाताई पुन्हा माझ्याशी बोलू लागल्या. माफी वगैरे मागितली नाही, एक दिवस नाचणीच्या भाकरी आणि ठेचा आणून ठेवला. मी खाल्ला.

पण दत्ता सुटला नाही. संध्याकाळपर्यंत वर घाटघरपासून खाली मढपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर ते पोचलं, त्याच्या फोटोसकट. आबांनी गावाला जे शिकवलं होतं तेच गावाने त्यांच्या पोराला लावलं. टपरीवर लोक थांबायचे बंद झाले. एकाने तर घरून स्टीलचा पेला आणला आणि चहा वरून ओतायला सांगितला. पिकअपला माल मिळेना. त्याच्या शेजारच्या सीटवर बसायला माणूस मिळेना. मी शाळेत बैठक घेतली, शिवल्याने होत नाही, जेवल्याने होत नाही, घसा फोडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना एक बाई म्हणाली, "समदं खरं हाय वो बाई, पण कशाला इषाची परीक्षा?" मला तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं.

दत्ताने गाव सोडलं. जायच्या आधी माझ्याकडे आला होता, औषधं दुसऱ्या ठिकाणच्या दवाखान्यात बदलून घ्यायला. सगळं झाल्यावर म्हणाला, "मी कुठं हाय ते आबांना सांगू नका, बाई. कदीच." मी म्हणाले, नाही सांगणार. आईचं तो काही बोलला नाही. पण त्यानंतर काकू दर आठवड्याला पाठ दुखते म्हणून माझ्या खोलीत यायच्या, दार लोटायच्या, आणि काही वेळाने त्यांच्या पदराआडचा फोन वाजायचा. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आतून फक्त "जेवलास का?" तेवढं ऐकू यायचं.

माझी बदली झाली त्या उन्हाळ्यात आबा आले. मी सामान बांधत होते. त्या दिवशीही काकू पाठीचं निमित्त करून येऊन गेल्या होत्या, तासाभरापूर्वीच. आबा खूप वाळले होते. कधी नव्हे ते उंबऱ्याबाहेरच बसले. टोपी काढली, पण ठेवायची कुठे ते कळत नसल्यासारखी हातातच धरली.

"बाई, तुमाला ठावं हाय त्यो कुठं हाय."

"हो."

"जित्ता हाय का?"

"आहे. तब्येत चांगली आहे." एवढं मी सांगितलं. एवढ्याची दत्ताने मला मोकळीक दिली होती.

"कुठं हाय त्येवढं सांगा. म्या जाणार न्हाई. बोलणार न्हाई. नुसतं गावाचं नाव सांगा, मी मनात धरून ठेवीन. कुणाला सांगायचो न्हाई, आईच्यान सांगतो." शेवटी शेवटी ते लहान मुलासारखे रडू लागले. "बाप हाय मी त्याचा."

मला वाईट वाटलं. सूड वगैरे काही नाही, खूप वाईट वाटलं. तो माणूस मला नको होता आणि त्याचं रडणंही बघवत नव्हतं. मी म्हणाले, "त्याने सांगा म्हटलं तर सांगेन, आबा. तोवर नाही."

ते उठले. काकू त्यांना शोधत अंगणात येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हात पदराच्या आत. आबांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोला काही विचारताना ऐकलं नव्हतं, नुसतं सांगताना ऐकलं होतं.

"तुला काय कळलंय का गं त्याचं? कुणाकडनं? नळावर बिळावर?"

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"मला कोण सांगतंय? मी कुणाशी बोलते का?" त्या म्हणाल्या. "चला, भाकरी वाढते. निवलीय समदी."